हायवे टच

पुणे–नाशिक रस्त्यावर चाकणच्या पुढं एका कडुनिंबाला पत्र्याची पाटी ठोकलेली आहे. 'विकणे आहे. ११ गुंठे. टायटल क्लिअर. हायवे टच.' खाली मोबाइल नंबर. त्यातले शेवटचे दोन आकडे उन्हापावसानं खाल्लेत, तरी पाटी कुणी बदललेली नाही. नंबर मिळवता येतो. खरा माल शेवटच्या दोन शब्दांत आहे.

हायवे टच. गेल्या पंचवीस वर्षांत मराठीत इतका भाव खाल्लेला दुसरा शब्द नसेल. पूर्वी स्थळ बघायला गेलं की विचारायचे, विहीर आहे का, पाणी कुठवर पुरतं. आता मुलाचा मामा चहाची बशी खाली ठेवायच्या आत सांगून मोकळा होतो, 'पोरगा स्वभावानं शांत आहे, जमीन हायवे टच आहे.' मुलगी शिकलेली असली तर हळूच विचारते, पण मुलगा करतो काय? मामाला प्रश्नच कळत नाही. हायवे टच असल्यावर आणखी करायचं काय असतं?

याच अकरा गुंठ्यांचा मालक संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास अडकतो, काच खाली करतो आणि सरकारचा सात पिढ्यांसह उद्धार करतो. काय हे ट्रॅफिक, काय हे नियोजन, कुणाला कशाची पडलेलीच नाही! सकाळी उठला की तोच माणूस आपल्या जमिनीसमोरच्या दुभाजकाकडं बघत बसतो. दुभाजक त्याच्या डोळ्यांत सलतो. हायवे टच झाला खरा, पण अर्धाच. नाशिककडं जाणारी गिऱ्हाइकं आपली आणि पुण्याकडं जाणारी समोरच्याची. ही कुठली लोकशाही?

मग एका रात्री दुभाजक पंक्चर होतो.

'पंक्चर' हा शब्द माझा नाही. वाहतूक पोलीस हाच वापरतात, पेपरवालेही हाच वापरतात. टायर पंक्चर झाला की गाडी थांबते, दुभाजक पंक्चर झाला की गाडी वळते, एवढाच काय तो फरक. दुभाजक कुणी फोडला हे गावात कुणालाच ठाऊक नसतं. रात्री जेसीबीचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण जेसीबी कुणाचा ते विचारलं की सगळे आभाळाकडं बघतात. सकाळी तिथं एक मोठा दगड आणि दगडाखाली दाबलेलं लाल फडकं. दुपारपर्यंत पहिला ट्रॅक्टर वळतो. आठवड्यानं चहाची टपरी येते. टपरी आली की जागेला नाव पडतं, अमक्याचा फाटा. नाव पडलं की एसटी थांबते. आणि दोन-तीन वर्षांनी रुंदीकरणाचं सर्वेक्षण येतं तेव्हा नकाशावर तिथं ठसठशीत लिहिलेलं असतं, 'विद्यमान चौक'. रात्रीचा जेसीबी असा सरकारदरबारी रुजू होतो.

मुळात रस्त्याचे धंदे दोन. माणसाला पुढं नेणं हा एक आणि माणसाला दारात उतरवणं हा दुसरा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पहिला धंदा करतो, म्हणून त्याच्यावर दुचाकी नाही, रिक्षा नाही, बैलगाडी नाही. आमच्या आळीतला बोळ दुसरा करतो, म्हणून तिथं पाचच्या वर वेग गेला की लोक खिडकीतून ओरडतात. दोघांचंही बरं चाललं आहे. घोटाळा होतो तो या दोन्हींच्या मधल्या रस्त्याचा, ज्यानं कंटेनरही नाशिकला न्यायचा आणि काकूंना भाजीच्या गाडीसमोरही उतरवायचं. लग्नात भटजींनीच पंगत वाढायची म्हटल्यावर मंगलाष्टकंही सांडणार आणि मठ्ठाही.

रस्त्याला कुठून, कुणी आणि किती दारं काढायची, याच्या शास्त्राला इंजिनिअर मंडळी 'ॲक्सेस मॅनेजमेंट' म्हणतात. सरकारी मराठीत हे 'प्रवेश व्यवस्थापन' होतं आणि पालकांना वाटतं अकरावीच्या ॲडमिशनची तिसरी यादी लागली. तुलना अगदीच वावगी नाही. तिथंही आधी गुणवत्ता यादी लागते आणि मग मागच्या दारानं काय ते होतं.

हे शास्त्र समजायला सोपं आहे. समजा, मोठ्या रस्त्याला डावीकडून एक वाट येऊन मिळते आणि मधला दुभाजक अखंड आहे. गाडी डावीकडंच आत जाणार आणि डावीकडंच बाहेर येणार. गाड्यांचे मार्ग एकमेकांत येण्याच्या जागा फक्त दोन, एक फुटण्याची आणि एक मिसळण्याची. आता तिथला दुभाजक फोडा. दोनाच्या नऊ जागा होतात. समोरूनही एक वाट आली आणि चौक झाला की बत्तीस. तोच चौक एकपदरी गोल करून नीट बांधला तर बत्तीसाचे आठ उरतात. हा हिशेब जगभर रस्ताशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात. अर्थात त्या बत्तीसात राँग साइडनं येणारा दूधवाला धरलेला नाही, दुभाजकावर बसून फोनवर बोलणारा धरलेला नाही आणि 'जरा थांब रे' म्हणून हात दाखवत म्हैस पार करणाऱ्या आजीही धरलेल्या नाहीत. पुस्तक लिहिणाऱ्यानं चाकण पाहिलेलं नव्हतं.

दुसरा एक आकडा आपल्याच इंडियन रोड्स काँग्रेसचा. ताशी ८० किलोमीटरनं येणाऱ्या चालकाला समोरचं दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत १२० मीटर मोकळी नजर हवी. आमच्याकडं १२० मीटरमध्ये दोन ढाबे, एक पंक्चरचं दुकान (टायरच्या), एक रसवंती आणि एक 'आमचे प्रेरणास्थान'चा फ्लेक्स बसतो. पुढच्याला रसवंतीचे घुंगरू ऐकू येतात आणि तो ब्रेक दाबतो. मागच्याला घुंगरू ऐकू येत नाहीत.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी जेमतेम दोन टक्के आणि मरणांतला वाटा छत्तीस टक्के. यातली किती माणसं पंक्चरात मेली, ते कुणी वेगळं मोजत नाही. पोलिसांच्या कागदावर सगळे 'भरधाव वेगानं' मरतात.

आता कुणी म्हणेल, मग कायदा करा. अहो, केलाय. १९५५ चा मुंबई महामार्ग अधिनियम. त्याच्या उद्देशातच लिहिलंय की महामार्गांच्या कडेनं होणाऱ्या 'रिबन डेव्हलपमेंट'ला आळा घालायचा, म्हणजे रस्त्याला चिकटून फितीसारखी लांबच लांब बांधकामं होऊ द्यायची नाहीत. म्हणजे सत्तर वर्षं झाली, फीत वाढू नये म्हणून कायदा आहे आणि फीत कापायला मंत्री आहेत. कात्री कुणाच्या हातात जास्त चालली ते रस्त्यावर दिसतंच आहे.

रोड्स काँग्रेसची शिफारस तर आणखी स्पष्ट. मोकळ्या भागातल्या राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत नको, ही इमारत रेषा. ७५ मीटरपर्यंत जे काही बांधाल ते विचारून बांधा, ही नियंत्रण रेषा. नियंत्रण रेषा म्हटलं की आपल्याला काश्मीर आठवतं. तिथं उल्लंघन झालं की ब्रेकिंग न्यूज होते, इथं झालं की सत्यनारायण होतो आणि आमदार प्रसादाला येतात. पुढं २००२ साली केंद्रानं आणखी एक कायदा केला, राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीचा आणि वाहतुकीचा. त्याप्रमाणं महामार्गाला दार काढायचं तर परवानगी हवी. पेट्रोल पंपवाले ती काढतात. वळायला वेगळी मार्गिका, बाहेर पडायला वेगळी, सगळं नकाशाबरहुकूम बांधतात आणि मग त्या मार्गिकांवर रात्रभर ट्रेलर झोपतात.

दाराचं महत्त्व आपल्याला कळत नाही असं मात्र नाही. कळतं, कळायला बाटली लागते. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. नंतर वीस हजारांच्या आतल्या वस्तीपुरतं अंतर २२० मीटरवर आलं. लगेच देशभर टेप निघाले. काही राज्यांना एकाएकी साक्षात्कार झाला की शहरातले महामार्ग हे महामार्ग नाहीतच, साधे रस्ते आहेत. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या एका बारनं तर कमाल केली. बार जागचा हलवला नाही, दारासमोर भिंतींची नागमोडी वाट बांधली. गिऱ्हाईक वळसे घेत घेत पोचेपर्यंत अंतर भरतं! महामार्ग आणि दार यांच्यात वळणाची वाट असावी, हे तत्त्व आपल्याकडं इतक्या निष्ठेनं दुसऱ्या कुणी अमलात आणलेलं मला माहीत नाही.

आता पुन्हा चाकण. १९९९ साली बजाज आली, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. इथं मोटारी जन्माला येतात आणि स्वतःच्या चाकांवर नाही, ट्रेलरच्या पाठीवर बसून गाव सोडतात. शहाण्या आहेत. तळेगाव चौकात एक राष्ट्रीय महामार्ग दुसऱ्याला आडवा जातो, नाशिकचा आणि तळेगाव–शिक्रापूरचा. दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदतात तिथं काय असावं, हे कुणालाही विचारा. तिथं काय आहे, हे मला विचारा. वडापाव आहे.

यावर तोडगा निघालाय. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नाशिक फाटा ते खेड असा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला. खालच्या रस्त्याच्या रुंदीकरणासकट ७,८२७ कोटी. भागाकार मी करून ठेवलाय, एका मीटरला २६ लाख. आता हे २६ लाख नेमके कशाचे? माझ्या मते उंचीचे. खालचा रस्ताही एके काळी वेगानं जाण्यासाठीच बांधला होता. त्याला आपण दोन्ही बाजूंनी इतके टच झालो की तो बोळ झाला. म्हणून आता रस्ताच खांबावर चढवायचा, जिथं कुणाचा हात पोचणार नाही. तिसऱ्या मजल्यावर रसवंती काढता येत नाही, यावर आठ हजार कोटींचा भरवसा आहे. मला एवढी खात्री नाही. गावागावातून 'आमच्या इथं रॅम्प द्या' सुरू झालं की रॅम्प म्हणजे पंक्चरच, फक्त टेंडर काढून केलेलं.

असा प्रयोग पलीकडं पिंपरी-चिंचवडनं करून पाहिलाय. निगडी ते दापोडी मधल्या मार्गिका वेगाच्या, कडेच्या सर्व्हिसच्या आणि दोन्हींना जोडणारी ठरावीक तोंडं, 'मर्ज इन' आणि 'मर्ज आउट'. कागदावर झकास. प्रत्यक्षात आउटमधून इन होणाऱ्याला आपण काही चुकीचं करतोय असं वाटत नाही. पाटी इंग्रजीत, बाण झाडाआड आणि मागचा हॉर्न वाजवतोय.

आता लोकांना विश्वासात घेण्याबद्दल. मी अशा एका बैठकीला गेलो होतो. कुठल्या गावची ते सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या बैठकीला चहा मिळायचा नाही. आमंत्रण पेपरात आलं होतं, 'नावात बदल' आणि 'हरवले आहे' यांच्यामध्ये, बोटभर. भूसंपादनाची थ्री-ए कलमाची नोटीसही अशीच येते. दोन पेपरांत, त्यातला एक स्थानिक भाषेतला, आणि तिथून एकवीस दिवसांत हरकत घ्यायची. गावात 'थ्री-ए झालं का', 'थ्री-डी निघालं का' हे आता पाऊस पडला का, इतक्या सहज विचारतात. पण नोटीस ज्या दिवशी येते त्या दिवशीच्या पेपरात नेमकी भजी बांधलेली असतात. पर्यावरणाच्या जनसुनावणीचं तर आणखी छान. २००६ च्या अधिसूचनेत स्वच्छ लिहिलंय की सुनावणी सुरू करायला गणसंख्येची अट नाही. सोसायटीच्या सभेला कोरम लागतो, जनतेला लागत नाही.

आमची बैठक मंगल कार्यालयात होती. वेळ गुरुवारी सकाळी अकरा, म्हणजे कामगार पहिल्या पाळीला, शेतकरी रानात आणि पोरं शाळेत. मंचावर आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती, 'शुभविवाह'. साहेब आणि सल्लागार कंपनीचे तज्ज्ञ यांना नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या दिल्या होत्या. तज्ज्ञ उत्तरेकडून आले होते. हिंदीत सुरुवात करून ते पाचव्या मिनिटाला इंग्रजीत गेले ते परत आले नाहीत. 'स्टेकहोल्डर' हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला की माझ्या शेजारच्या आजोबांनी विचारलं, 'ह्यो होल्डर कुठं बसवनारेत? लाइट न्हाई ना गावात.'

पडद्यावर उपग्रहानं काढलेला फोटो आला. गावाचं नाव नव्हतं. गाव म्हणजे 'चेनेज एक्केचाळीस सहाशे'. लोक डोळे बारीक करून आपापलं घर शोधू लागले. मधेच एकानं विचारलं, हे निळं काय दाखवलंय?

'वो वॉटर बॉडी है.'

'आवो साहेब, ते शाळेच्या पत्र्याचं छप्पर हाय. औंदाच निळं दिलंय.'

हशा झाला. तज्ज्ञांनी लॅपटॉपवर काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं ते माहीत नाही. पुढच्या नकाशात शाळेत बोटिंग असेल.

मग प्रश्न. प्रश्न एकच होता, तो चाळीस जणांनी विचारला, 'आमच्या इथं कट देणार का?' आजी सरपंचांना कट हवा होता, माजी सरपंचांना तो कट शंभर मीटर अलीकडं हवा होता. दोघांच्याही जमिनी हायवे टच. कार्यालयाच्या मालकांना तर प्रश्न विचारायचीच गरज नव्हती, त्यांच्या दारासमोर कट होताच. कुणी केला ते अर्थातच माहीत नाही. एक ढाबेवाला मात्र खरं बोलला. म्हणाला, 'साहेब, तुमच्या गाड्या ऐंशीनं पळायला लागल्या तर माझी मिसळ कोण खाणार?' मला हा त्या दिवसातला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न वाटला. त्याला उत्तरही आहे. पाच ढाब्यांना मिळून एक दार, आत समाईक पार्किंग, ते दार सर्व्हिस रोडवर आणि सर्व्हिस रोडला ठरावीक ठिकाणी महामार्गाचं तोंड. गिऱ्हाईक येतं, ट्रकही वाचतात. तज्ज्ञांच्या तेहतिसाव्या स्लाइडवर हे होतं, फक्त 'कन्सॉलिडेटेड ड्राइव्हवे' असं होतं. मी शेजारच्या आजोबांना मराठीत सांगितलं, तसे ते मनापासून हसले. 'सख्ख्या भावांचा बांधावरनं तीस वरीस कोर्टात दावा चाललाय आन् तुमी पाच ढाब्यांचं एक दार करताय!' तेही खरंच. शिवाय सर्व्हिस रोड म्हणजे कंटेनर लावायची जागा, हे आता बालवाडीतल्या मुलालाही कळतं.

मग मागून एक बाई उठल्या. माइक त्यांच्यापर्यंत पोचला नाही, पण त्यांना माइकची गरज नव्हती.

'माझी मुलगी सातवीत आहे. घर अलीकडं, शाळा पलीकडं. तिनं जायचं कुठनं?'

'मॅडम, आठ सौ मीटर पे अंडरपास प्रपोज्ड है.'

'आता एक आहेच की, ओढ्यापाशी. त्याच्यात पाणी किती असतं, माहितीये?'

तज्ज्ञांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी कनिष्ठ अभियंत्याकडं पाहिलं. कनिष्ठ अभियंत्यानं थर्माकोलकडं पाहिलं.

'जूनमध्ये या,' बाई म्हणाल्या. 'मी दाखवते. गमबूट घेऊन या.' आणि खाली बसल्या.

त्यानंतर कुणी काही बोलावं असं राहिलं नव्हतं, तरी अर्धा तास लोक बोलले. शेवटी हरकतींचे फॉर्म वाटले. फॉर्म इंग्रजी, ईमेल आयडी सक्तीचा. बाईंनी तो घडी करून कमरेला खोवला. आजोबांनी विचारलं, आधार लिंक करायला लागतं का? मी नंतर इतिवृत्त मिळवून वाचलं. दोन पानं होती. पहिलं वाक्य, 'उपस्थितांनी प्रकल्पाचे स्वागत केले.' शाळेसाठी पलीकडं जाण्याचा मुद्दा 'इतर किरकोळ सूचना' या सदरात बसला होता. आणि त्या रस्त्यावरून दिवसरात्र जाणारा जो माणूस, म्हणजे तमिळनाडू-हरियाणाचा ट्रक ड्रायव्हर, त्याला तर बोलावलंच नव्हतं. त्याला कुणीच कधी बोलावत नाही, अपघात झाल्यावर तेवढं शोधतात.

लोक बोलत नाहीत, सहभाग घेत नाहीत, अशी अधिकाऱ्यांची तक्रार असते. चुकीची आहे. लोक हरकत घेतातच. हरकत घ्यायच्या जागा दोन आहेत, कार्यालयात लेखी आणि दुभाजकात पहारीनं. लेखी हरकतीला पोच मिळते, पहारीच्या हरकतीवर दुसऱ्या दिवशी वाहतूक सुरू होते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर २०१३ साली ऐंशी हजारांवर हरकती आल्या होत्या, म्हणजे लिहायला माणूस आळशी आहे असं नाही. समृद्धी महामार्गाच्या वेळी तर सरकारनं गावोगाव 'संवादक' नेमले होते. लोकांनी त्यांच्याशी घासाघीस केली, मोजणी अडवली, आंदोलनं केली, मग भावही बरा मिळाला. जमिनीसाठी संवादक मिळतो. सातवीतल्या मुलीच्या वाटेसाठी मिळत नाही, कारण तिच्याकडून सरकारला काही विकत घ्यायचं नसतं.

मला अशा वेळी रायगड आठवतो. आठवणारच, मराठी सदरलेखक आहे. पण जरा वेगळ्या कारणानं. तिथला महादरवाजा तुम्ही पाहिला असेल. दोन बुरुजांच्या आड असा दडवलाय की समोरून दिसतच नाही, वळून जावं लागतं. हत्तीनं धावत येऊन धडक द्यायची म्हटली तर धावायला सरळ जागा नाही. दार कुठं ठेवायचं, कसं ठेवायचं, यात आपल्या लोकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि त्याच गडावरची हिरकणीची आख्यायिका. सूर्य मावळला, दरवाजे बंद, घरी तान्हं लेकरू, म्हणून बाई अंधारात कडा उतरून गेली. नियमाच्या भाषेत हे अनधिकृत पंक्चरच की. महाराजांनी तिला बोलावलं, कुठून उतरलीस ते विचारलं, साडीचोळी देऊन गौरव केला आणि मग त्या जागी बुरूज बांधला, अशी गोष्ट आपण शाळेत ऐकली. क्रम लक्षात घ्या, आधी विचारलं आणि मग बुजवलं. आमच्याकडं रात्री काँक्रीटचे ठोकळे येतात, सकाळी हिरकणीवर राँग साइडचं चलन फाटतं आणि विचारण्याचा कार्यक्रम गुरुवारी अकरा वाजता मंगल कार्यालयात असतो.

बरं, ठोकळे टिकतात किती? आमच्या फाट्यावर तीन ठोकळे टाकले होते. पहिल्या दिवशी कडेकोट. तिसऱ्या दिवशी मधला ठोकळा इतकाच सरकला होता की स्कूटर जावी. आठव्या दिवशी रिक्षा. आता तिथून छोटा हत्ती जातो आणि उरलेले दोन ठोकळे टपरीवाल्यानं पांढरे रंगवून बसायला घेतलेत. सावलीही आहे.

असो. बैठक संपली. पुरी-भाजी झाली, साहेबांना नारळ-शाल झाली. पार्किंगमध्ये मी माझी दुचाकी काढत होतो आणि साहेबांची पांढरी गाडी फाटकात येऊन उभी राहिली. मागं तज्ज्ञांची गाडी, मागं सरपंच, मागं माजी सरपंच. आम्हा सगळ्यांना पुण्याकडं जायचं होतं आणि पुणं होतं पलीकडच्या बाजूला. नियमानं जायचं तर डावीकडं वळून सव्वादोन किलोमीटर नाशिकच्या दिशेनं आणि तिथून यू-टर्न. आणि फाटकाच्या अगदी समोर, कार्यालयाच्या दारात, तो कट.

साहेबांच्या ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं. 'सर, कुठनं घेऊ?'

काच खाली होती, म्हणून मला ऐकू आलं. साहेबांनी एकदा डावीकडं पाहिलं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

टपरीवरचं पोरगं हातातली किटली खाली ठेवून उठलं, रस्त्यात मधोमध जाऊन उभं राहिलं आणि दोन्ही हात आडवे पसरून त्यानं दोन्हीकडचे कंटेनर थांबवले. पांढरी गाडी वळली, तज्ज्ञ वळले, आजी-माजी सरपंच वळले. पोरगं माझ्याकडं बघून ओरडलं, 'काका, चला की लवकर, किती वेळ धरू?'

मी निघालो.